पृथ्वी मोजणारा टेप

१

चामड्याची डबी टेबलावर होती आणि डबीत टेप नव्हता. संचालकांनी डबी उलटी करून झटकली, आत बोट घालून पाहिलं, पुन्हा झटकली. तीस मीटरचा पोलादी टेप डबीच्या एखाद्या सांदीत दडून बसेल, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि ते दाराकडे धावले. मला वाटलं, कुणाला तरी बोलवायला चालले असतील. कसलं काय! त्यांनी तो लोखंडी दरवाजा आतून लावून घेतला, कुलूप फिरवलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

"वस्तू सापडेपर्यंत किंवा पोलीस येईपर्यंत कोणीही बाहेर जायचं नाही," ते म्हणाले. "मीसुद्धा नाही."

आम्ही सहाजण संग्रहालयाच्या तळघरात अडकलो. लागून असलेल्या दोन खोल्या, खिडकी एकही नाही, वर हाताच्या पंजाएवढा जाळीचा झरोका. मोबाइल लागत नव्हता. भिंतीवरच्या फोनवरून संचालकांनी पोलिसांना कळवलं, तर तिकडून उत्तर आलं की माणसं मोकळी झाली की पाठवतो, दुपार होईल. आतल्या खोलीत भिंतीपासून माणूस फिरेल एवढी फट सोडून लाकडी खोकी मांडलेली होती, प्रत्येकाला कंबरेवर लोखंडी पट्ट्या आवळलेल्या. त्यातल्या एका बुटक्या खोक्यावर मी बसले, कारण खुर्च्या चारच होत्या आणि वयानं मीच त्यातल्या त्यात धडधाकट.

दादा-वहिनीबरोबर मी तिथे आले होते ते दादाची पिशवी धरायला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी आयुष्यभर विमा कंपनीत खोटे दावे हुडकायचं काम केलं, म्हणून तो मला फौजदार म्हणतो. निवृत्त झाल्यावर कानाला खडा लावला होता की आता कुणाच्या खोटेपणात नाक खुपसायचं नाही. पण मग दादाकडे पाहिलं. तो छातीवर हात ठेवून बसला होता, ओठ कोरडे पडले होते, आणि संचालक त्याच्याकडेच टक लावून बघत होते.

२

भानगड मुळात एका आकड्याची.

तळघराच्या डोक्यावर, शंभर पावलांवर तो प्राचीन दगडी मनोरा उभा आहे. पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळता होत गेलेला, खाली चौकोनी. दादानं तरुणपणी त्याच्या पायाचे चारही कोपरे खणून काढले आणि बाजू मोजल्या. चारही मिळून आठशे मीटर आणि वर चिमूटभर. त्याला पन्नास हजारांनी गुणलं की चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा घेर. दादाचं म्हणणं, ज्यांनी मनोरा बांधला त्यांना पृथ्वी केवढी आहे ते ठाऊक होतं आणि त्यांनी ती दगडात उतरवून ठेवली. यावर त्याचं पुस्तक आलं, भाषणं झाली, शाळेतली पोरं तो गुणाकार पाठ म्हणू लागली. दादा गणिताचा साधा मास्तर होता. त्या आकड्यानं त्याला माणूस केलं, असं तो स्वतःच सांगायचा.

आता मनोऱ्यासमोर एक शिला बसवून तिच्यावर तो आकडा कोरायचा ठरलं होतं. शिला वर उन्हात तयार होती, कोरणारा छिन्नी घेऊन बसला होता, माणसं जमली होती. कोरायच्या आधी एकच तपासणी बाकी होती. मनोऱ्याचे कोपरे आता पुन्हा मोजता येत नाहीत. एकावरून रस्ता गेलाय, एकावर पाण्याची टाकी बसलीय. उरला होता तो फक्त दादाचा जुना टेप. तो नव्या, प्रमाणित टेपशेजारी अंथरून बघायचा, बरोबर निघाला तर आकडा बरोबर. पाच मिनिटांचं काम, आणि नेमका तोच टेप गायब.

सकाळी संचालकांनी काचेची पेटी उघडून डबी टेबलावर ठेवली. त्यांनी स्वतः टेप हातभर ओढून पाहिला होता, बोटांना कोरडी तांबूस भुकटी लागली म्हणून हात धुवायलाही गेले होते. त्यानंतर आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत चहा घेत होतो आणि जो तो काही ना काही निमित्तानं आतल्या खोलीत जाऊन आला. डबी पालथी ठेवलेली, त्यामुळे ती कधी रिकामी झाली ते कुणालाच सांगता येईना.

झडती झाली. पिशव्या, खिसे, कोट, टेबलाखाली, दिव्यावर. काही नाही. आणि डबीबाहेरचा पोलादी टेप म्हणजे खिशात घालायची चीज नव्हे, सोडला की उसळतो, सगळीकडे पसरतो.

संचालकांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण नोकरी गळ्याशी आली होती. ते म्हणाले, टेप चुकीचा निघाला असता तर कुणाचं सगळं गेलं असतं, ते तुम्हीच सांगा. पोलिसांनी विचारलं तर माझ्यापाशी एकच नाव आहे.

"दादा चोर नाही," मी म्हणाले.

"मग दुपारच्या आत दुसरं नाव द्या," ते म्हणाले.

३

झालं, कानाचा खडा पडला. मी एकेकाला गाठायला सुरुवात केली.

पहिला गाईड. हा पर्यटकांना मनोरा दाखवतो आणि शेवटच्या पायरीवर पोचला की तो गुणाकार असा काही म्हणून दाखवतो की लोक टाळ्या वाजवतात. आकडा खोटा पडला तर त्याची टाळी गेली, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावर. शिवाय तो सारखा झरोक्याखाली जाऊन उभा राहत होता. मी खडसावून विचारलं, तर गडी ओशाळला. बंद जागेत त्याचा जीव घाबरा होतो म्हणे, आणि रोज माणसांना मनोऱ्याच्या पोटातल्या बोळातून नेताना तो जीव मुठीत धरून जातो. आकड्यावर त्याचा विश्वास होता का, हेही विचारलं. तो म्हणाला, बाई, मी कधी गुणून पाहिलं नाही, लोकांचे चेहरे फुलतात तेवढं मला पुरतं. आत गेला होता तो खुर्च्या मांडायला, आणि चारही खुर्च्या एका खेपेत नेल्या होत्या. लगेच बाहेर आलेला मीच पाहिला होता.

दुसऱ्या भूगर्भवाल्या बाई. यांनी दादाच्या विरोधात इतकं लिहिलंय की आमच्या घरात त्यांचं नाव निघालं तरी दादाचा तिळपापड व्हायचा. त्यांचा मुद्दा सरळ होता. दोन मोठ्या संख्या घ्या, मधे सोयीचा गुणक बसवा, कशाचाही कशाशी मेळ लागतो. पन्नास हजारच का? तुमच्या बाहेरच्या दाराची उंचीही चंद्राशी जुळवून देते, म्हणाल्या. पण त्यांना टेप हवाच होता. टेपशिवाय त्यांचं म्हणणं सिद्धही होत नव्हतं आणि पडतही नव्हतं. झडतीला सगळ्यात आधी त्याच उभ्या राहिल्या होत्या. त्या आत गेल्या तेव्हा जमिनीवर आपला नवा टेप अंथरायला लागल्या, आणि तेवढ्यात एक बारीकसं कुरकुरल्या. दाराच्या बिजागरीला घालायची तेलाची डबी फळीवरून खाली कुणी ठेवली, माझा पाय घसरला असता.

दादा आत गेला होता तो टेपला एकदा बघायला. डबी उघडली का, असं विचारलं तर म्हणाला, नाही, नुसता हात ठेवला. त्याचा आवाज बारीक झाला होता. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. ती आत गेली होती त्याचा चष्मा विसरला होता तो आणायला, आणि चष्मा सापडेना म्हणून तिला वेळ लागला होता.

हवा जड व्हायला लागली. सहा माणसांचा श्वास त्या दोन खोल्यांत कोंडला होता. दादानं गळ्याचं बटण सोडलं आणि पुन्हा लावलं. संचालक घड्याळ बघत होते. मी हात टेकले आणि उठून उभी राहिले.

"बाई, मागे काय लागलं तुमच्या?" गाईड म्हणाला.

मी वळून पाहिलं. माझ्या पांढऱ्या कपड्यांवर, दोन्ही पोटऱ्यांच्या मागे, तेलाची आडवी रेघ उमटली होती.

४

कुणाच्या लक्षात येण्याआधी मी पुन्हा खोक्यावर बसले. हात मागे नेला आणि पट्टी चाचपली.

बाकीच्या खोक्यांवरच्या पट्ट्या गंजून खरखरीत झाल्या होत्या. ही गुळगुळीत होती, पातळ होती आणि तेलकट होती. एकावर एक बरेच वेढे बसलेले. मी नखानं कड जराशी उचलली, आतल्या बाजूला बोट फिरवलं. बोटाला बारीक खाचा लागल्या. टेपच्या आकड्यांच्या खाचा. कोऱ्या पाठीची बाजू बाहेर ठेवून कुणीतरी शांतपणे खोक्याभोवती फेऱ्या मारल्या होत्या आणि सगळा टेप गुंडाळला होता. शेवटाला तारेचा वेढा मारून तो मागे भिंतीकडे दडवला होता. झडतीच्या वेळी सगळ्यांनी खोक्यांच्या वर पाहिलं, मागे पाहिलं, खुद्द खोक्याकडे कुणीच पाहिलं नाही. मी तर चोरीच्या मालावर बूड टेकून तपास करत होते.

आता हे केलं कुणी? जागा सगळ्यांना माहीत, संधी सगळ्यांना. पण तेल? सकाळी संचालकांनी ओढला तेव्हा टेप कोरडा होता, बोटांना भुकटी लागली होती. म्हणजे तेल लावलं ते चोरानं. ज्या माणसाला टेप नाहीसा करायचाय, पकडलं जायची भीती आहे, एकेक मिनिट मोलाचं आहे, तो फळीवरची डबी काढून टेपला तेल कशाला पुसत बसेल?

विचार करून कुणी असं करणार नाही. ते हातच करतात. पोलादी टेप कोरडा गुंडाळायचा नाही, आधी तेलाच्या फडक्यातून ओढून घ्यायचा, नाहीतर गंज धरतो. मोजणीच्या कामावर ज्याचे हात मुरलेत त्याला दुसरं काही सुचतच नाही. गाईडनं टेप कधी धरला नव्हता. भूगर्भवाल्या बाईंचा टेप नव्या पद्धतीचा, प्लास्टिकचं वेष्टण असलेला, त्याला तेल लागत नाही. संचालक कागदांतले. राहिला दादा.

पण दादाला मी मनोऱ्यावर काम करताना पाहिलंय. तो टेपच्या शेवटाकडे उभा राहायचा, आकडा वाचायचा, लिहायचा आणि टेप जमिनीवर टाकून पुढच्या विचारात चालू पडायचा. फडकं त्यानं जन्मात हातात घेतलं नाही. टेपच्या टोकाची कडी कोपऱ्याच्या दगडाला लावून धरणारी, संध्याकाळी अंगणात बसून तो हातभर हातभर पुसणारी, आणि कुणी कोरडा गुंडाळला तर कडाडणारी व्यक्ती एकच होती.

मी मान वर केली. वहिनी माझ्याकडे बघत होती. माझा हात खोक्याच्या मागे होता आणि तिला ते दिसत होतं.

५

चष्मा शोधायचं निमित्त करून आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत गेलो. ती भिंतीला टेकून बसली आणि मला काही विचारायचं कामच पडलं नाही, तीच बोलू लागली, हळू आवाजात, जमिनीकडे बघत.

खोदकामाच्या दिवसांत एक गाडी टेपवरून गेली आणि पहिल्या मीटरपाशी तो तुटला. दादा तेव्हा तापानं फणफणला होता. वहिनीनं टेप लोहाराकडे नेला, त्यानं तुटका तुकडा टाकून दिला आणि कडी एकाच्या खुणेवर ठोकून दिली. टेप आता शून्यापासून नव्हे, एकापासून सुरू होत होता. प्रत्येक वेळी लावला की वाचलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. तिनं रात्री दादाला सांगितलं, तो हं म्हणाला. ती समजली, ऐकलं. तो तापात काहीही म्हणत होता.

मग मोजणी झाली. कडी धरणाऱ्याला आकडा दिसत नाही आणि आकडा वाचणाऱ्याला कडी दिसत नाही, मधे अख्खा टेप पसरलेला. ती तिकडे कोपऱ्याला चिकटून बसलेली, तो इकडे लिहितोय. एका बाजूला टेप सात वेळा लावावा लागायचा. तो वजा करत असेल, असं ती धरून चालली. करत नव्हता हे तिला कळलं ते पुस्तक छापून आल्यावर.

"डॉक्टर म्हणालेत, ह्यांच्या हृदयात आता काही राहिलेलं नाही," ती म्हणाली. "वन्सं, थोडे दिवस राहिलेत. तेवढे त्यांच्या आकड्यासकट जाऊ देत. टेप मी मोडला नाही, फेकला नाही. नीट तेल लावून ठेवलाय. हे गेल्यावर कुणाला तरी सापडू दे, मग कोरलेलं काय ते पुसून टाका."

पण मला बोलावंच लागलं. मी म्हणाले, वहिनी, टेप सापडला नाही तर तुमचा आकडा वाचेल, पण दादा चोर ठरेल. संचालक पोलिसांना दादाचंच नाव सांगणार आहेत. वर जमलेल्या सगळ्यांसमोरून त्याला गाडीत बसवतील.

तिनं हा विचार केलाच नव्हता. तिच्या डोळ्यांत तो शिरताना मला दिसला. टेप काढला तर आकडा जाणार, ठेवला तर नाव जाणार, आणि दोन्हीकडे माणूस तोच. मी आयुष्यभर लोकांना असं कोपऱ्यात गाठलं, त्याचे पगार घेतले, आणि त्या क्षणी माझ्याच घरच्या माणसाला गाठून मी उभी होते. वहिनी, तुम्ही म्हणाल तसं, एवढंच मला म्हणता आलं.

आत दादाला खोकल्याची उबळ आली. वहिनी उठली.

६

ती सरळ आत त्या खोक्यापाशी गेली, मागची तार सोडवली आणि टेप उलगडायला लागली. खोक्याभोवती उलट्या फेऱ्या मारत, टेप हातात गोळा करत. संचालकांचं तोंड उघडं राहिलं. शेवटी तिनं कडी दादाच्या हातात दिली.

दादानं कडी पाहिली, लोहारानं ठोकलेला रिव्हेट पाहिला. कडीशेजारचा आकडा वाचायला चष्मा हवा होता, तो माझ्याकडच्या त्याच्या पिशवीतच होता, मी दिला. मग त्यानं तिथे बोट ठेवलं.

"एकापासून सुरू होतो," तो म्हणाला. "आणि बाजूला सात वेळा लावायचो आपण."

भूगर्भवाल्या बाईंनी मान खाली घातली. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता आणि त्यांना तो बघवत नव्हता.

दादा डोक्यात गुणत होता, ओठ हलत होते. चार बाजू मिळून अठ्ठावीस मीटर कमी, तो म्हणाला. पृथ्वी चौदाशे किलोमीटरनं कमी पडली. गाईडच्या तोंडून निघून गेलं की म्हणजे पृथ्वी आकसली म्हणायची, आणि लगेच त्यानं जीभ चावली. पण दादा हसला. अगदी थोडंसं, पण हसला.

"पृथ्वी आहे तेवढीच आहे," तो म्हणाला. "मी फुगलो होतो."

मग तो वहिनीकडे वळला. तिला कधी कळलं ते त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. तेव्हाच का बोलली नाहीस, असं विचारताना त्याचा आवाज चढला, आणि मला वाटलं आता हृदय फुटतं की काय. वहिनीनं दोन्ही हातांनी टेपचं भेंडोळं धरलं होतं, त्याचं तेल तिच्या मनगटावर उतरलं होतं.

"त्या दिवशी तुम्ही शीळ घालत घरी आला होतात," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा. माझ्यानं नाही सांगवलं."

संचालक खाकरले. त्यांना पोलिसांना काहीतरी सांगायचं होतं, चोरीची नोंद झाली होती. तेव्हा भूगर्भवाल्या बाई आपला टेप गुंडाळत कोरडेपणानं म्हणाल्या, वस्तू खोलीबाहेर गेलेलीच नाही, मग चोरी कसली? तपासणीला आलेला टेप तपासून झाला, एक मीटर तुटका निघाला, संपलं. संचालकांनी वहिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कोटाच्या खिशातून किल्ली काढली. पोलिसांना येऊ नका म्हणून फोन केला आणि दार उघडलं. जिन्यावरून उजेड आत आला, हवा आली, गाईड तर उडीच मारून बाहेर पडला.

दादा उठला नाही. वरून माणसांचा गलबला ऐकू येत होता. कोरणारा दगडावर छिन्नी टेकवून बसला असणार. मी म्हणाले, दादा, मी जाऊन सांगते, तुला बरं नाही म्हणून. त्यानं मान हलवली. लोकांनी आकडा माझ्या तोंडून ऐकलाय, तो म्हणाला, चुकला हेही माझ्याच तोंडून ऐकू देत.

तो भिंतीला धरून उभा राहिला, कोट नीट केला. तीन पायऱ्या चढला आणि थांबला. पाठमोरा होता, त्याचा चेहरा मला दिसला नाही. वहिनी अजून खोक्यापाशीच उभी होती, आपल्याला पुढे यायचा हक्क उरलाय की नाही हे न कळल्यासारखी.

"चल ना," दादा म्हणाला. "मला एकट्याला नाही जमायचं हे."

वहिनीनं टेप माझ्याकडे दिला, पदराला हात पुसले आणि त्याच्या मागे गेली. पायऱ्यांवर त्यानं तिचा दंड धरला, का तिनं त्याचा, ते मला सांगता यायचं नाही. मी खाली त्या खोलीत एकटी राहिले आणि तिथेच बसून पोटभर रडले.